तिसऱ्या नंबरची बाटली

१

वाईन चाखणारी मंडळी घोट थुंकतात. ती रीतच आहे. तोंडात घोळवायचा, चेहरा गंभीर करायचा आणि समोरच्या भांड्यात सभ्यपणे सोडून द्यायचा. पण दिग्विजय निंबाळकरांनी तिसऱ्या नंबरचा घोट सोडला तो काही सभ्यपणे नव्हे. तोंडात साबण गेल्यासारखे ते पुढे वाकले, अर्धा घोट भांड्यात पडला, अर्धा पांढऱ्या टेबलक्लॉथवर. मग रुमालानं ओठ टिपत ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, ही वाईन नाही."

कोथरूडमधल्या त्या लहानशा रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

ही फ्रेंच वाईन पुण्यात आणणारी सुरुची कारखानीस हसली. काही सुचलं नाही की ती हसते, शाळेपासूनची खोड. "सर, तिसरा नंबर म्हणजे आमची सगळ्यात चांगली. जुन्या वेलींची लाल..."

"मॅडम, हिच्यात मीठ आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीत मेहरुन अत्तार बसली होती. आडनाव आणि धंदा एकच. रविवार पेठेत पणजोबांपासूनचं अत्तराचं दुकान. दारूच्या थेंबाला ती शिवत नाही, पण नाक असं, की जिन्यात उभी राहून तिसऱ्या मजल्यावर काय शिजतंय ते सांगेल. म्हणूनच सुरुचीनं या बालमैत्रिणीला बोलावलं होतं. "तू प्यायची नाहीस. नुसता वास घे आणि कशासारखा आहे ते मराठीत सांग, पत्रकावर छापायचंय." आता पत्रक गेलं चुलीत. सुरुची किती घाबरलीय हे मेहरुनला तिथूनही दिसत होतं.

घाबरणारच. दक्षिण फ्रान्समध्ये, समुद्रापासून फार लांब नाही अशा एका खेड्यात रुकेत कुटुंबाचा छोटा द्राक्षमळा आहे. घरची माणसं राबतात आणि वाईन करतात. वाईन उत्तम, भाव परवडणारा, आणि तेच त्यांना नडलं. बड्या नावांच्या गर्दीत स्वस्त बाटलीकडे कोण बघतो? मळा विकायची वेळ आली होती. निंबाळकरांची हॉटेलं चार शहरांत. त्यांनी माल घेतला तर मळा राहणार; नाही घेतला तर रुकेतांचा मुलगा मार्सेल याच आठवड्यात विक्रीच्या कागदावर सही करणार. त्याची बहीण सोलांज खास त्यासाठी पुण्याला आली होती आणि आत्ता, मराठी-इंग्रजी काही न कळता, एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

आणि सुरुचीला हा नुसता धंदा नव्हताच. तिकडे शिकत असताना ती तोडणीच्या हंगामात रुकेतांकडे कामाला गेली आणि तापानं फणफणली. सोलांजच्या आईनं, ओदेतबाईंनी, तिला घरात ठेवून घेतलं, उशाशी बसून बरं केलं. ओदेतबाई आता नाहीत. त्यांचा मळा आपल्या डोळ्यांदेखत जाऊ नये, एवढ्यासाठी सुरुचीनं ही सगळी उठाठेव मांडली होती.

निंबाळकरांनी घड्याळ पाहिलं नाही, आवाज चढवला नाही. ते अधिक भीतीदायक होतं. "मी बाहेर जेवायला बसतो. जेवून मुंबईला निघणार. तोवर हा काय प्रकार आहे ते कळलं, तर पुढचं बोलू. भेसळ करणाऱ्याशी मी व्यवहार करत नाही."

ते गेले. मेहरुननं उठून तिसऱ्या नंबरचा ग्लास नाकाशी नेला, आणि डोळे मिटून पुन्हा एकदा हुंगला.

"अगं बाई!" ती म्हणाली. "सुरुची, यात हिंग आहे."

२

"हिंग?" सुरुची टेबलाशी धावली. "कपाळ माझं! हिंग कोण घालेल वाईनमध्ये?"

"वाईनमध्ये कोणीच नाही. वाईन आहेच कुठे? हे कोकम आहे. कोकम, जिरं, मीठ, किंचित गूळ." मेहरुननं ग्लास उजेडात धरला. रंग मात्र असा गडद आणि देखणा, की कुणीही फसावं. "तू आधी पाणी पी. आणि रडू नकोस, सोलांजबाई घाबरतील."

प्रकार असा होता. पाचही बाटल्या रुकेतांच्याच. पण लेबल आणि किंमत पाहून मत बनू नये म्हणून निंबाळकरांच्या सांगण्यावरून त्या खाकी कागदी पिशव्यांत घालून वर नंबर टाकले होते. चाखण्याआधी वाईनला जरा हवा लागावी म्हणून त्या दुपारीच उघडून टेबलावर मांडल्या. मग खोलीला कुलूप. किल्ल्या दोनच, एक सुरुचीचा भागीदार दत्तप्रसाद याच्याकडे, दुसरी रेस्टॉरंटचा मालक इंद्रजीत याच्याकडे.

मेहरुननं आधी इंद्रजीतला गाठलं. तो गल्ल्यावर बसून उगाचच मेन्यूकार्डं पुसत होता.

"ताई, मी काही केलेलं नाही," तो तिनं विचारायच्या आत म्हणाला.

"मी कुठं म्हटलं तुम्ही केलंत? खोलीत गेला होतात का?"

"नाही." त्यानं एक मेन्यूकार्ड पुन्हा पुसलं. मग म्हणाला, "म्हणजे, एसी लावायला गेलो होतो. एकदाच."

"एवढंच?"

इंद्रजीतचे कान लाल झाले. "एक घोट घेतला हो. पहिल्या नंबरचा. एवढं कौतुक चाललंय म्हणून म्हटलं बघावं तरी. सुरुचीताईंना सांगू नका, प्लीज."

"कशी होती?"

"फर्स्ट क्लास! माझ्या कार्डवरच्या तिप्पट किमतीच्या बाटल्यांपेक्षा चांगली, खोटं कशाला बोलू?"

"आणि तिसरी?"

"तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पण ताई, एक सांगतो." तो पुढे झुकला. "दत्तप्रसादसाहेब गेल्या आठवड्यात इथं बसून कुणाशी तरी फोनवर बोलत होते. म्हणत होते, ही स्वस्तातली फ्रेंच वाईन पडू दे एकदा तोंडावर, मग सुरुचीचं डोकं ठिकाणावर येईल."

३

दत्तप्रसाद मागच्या दारात उभा होता. हा पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. त्याला पुण्यात फक्त महागडी वाईन विकायची होती. मेहरुननं आडवळण घेतलं नाही.

"ही वाईन तोंडावर पडावी असं म्हणाला होतात का?"

"म्हणालो होतो." त्यानं नजर चुकवली नाही. "रागानं म्हणालो. लोक किमतीवरून माल ओळखतात, हे माझं मत आहे आणि राहील. पण माझ्याच टेबलावर माझंच नाक कापून घेईन इतका मी मूर्ख वाटतो का आपल्याला?"

"नाही वाटत," मेहरुन म्हणाली. "बाटल्या कुणी उघडल्या?"

"मीच. सकाळी सुरुचीच्या घरून खोकी आणली, दुपारी इथं उघडल्या. म्हणजे चार उघडल्या."

"चार?"

"तिसऱ्या नंबरच्या गळ्यावरचं वेष्टन आधीच काढलेलं होतं. बूच नुसतं दाबून बसवलेलं. जुन्या वेलींच्या वाईनला जास्त वेळ हवा लागते, तेव्हा सुरुचीनं ती सकाळी घरीच उघडली असणार असं धरून चाललो. नुसतं बूच काढलं आणि मांडली. आमच्या धंद्यात तसं करतात."

"ही बाटली खोक्यातच होती?"

दत्तप्रसादनं आठवून सांगितलं, "नाही. दाराजवळ कापडी पिशवीत होती. वेगळी काढून ठेवलेली. मला वाटलं, मुख्य बाटली म्हणून काळजीनं ठेवलीय."

मेहरुन खोलीत परतली. प्रत्येक बाटलीपुढे तिचं बूच ठेवलेलं होतं. हीही त्या धंद्यातलीच रीत, हुंगून बघता यावं म्हणून. तिनं पाचही बुचं हातात घेऊन पाहिली. चार बुचांचं एकच टोक लाल होतं. वाईन जिथं टेकते तेवढंच.

तिसऱ्याची दोन्ही टोकं लाल होती.

४

"सुरुची, तुझ्या भागीदाराला काही म्हणू नकोस आणि इंद्रजीतलाही नको," मेहरुन म्हणाली. "ही बाटली इथं कुणी बदललेली नाही. इथं येतानाच ती अशी होती."

"कशावरून?"

"हे बूच बघ. एक टोक वाईननं रंगलं. मग कुणीतरी ती बाटली उघडली, वाईन संपवली, दुसरंच काही भरलं आणि बूच उलटं बसवलं. फुगलेलं टोक परत आत जात नाही ना, उलटंच घालावं लागतं. म्हणून दुसरं टोक कोकमानं रंगलं. तुमच्या घरी तिसऱ्या नंबरची बाटली कधी उघडली होती?"

सुरुचीनं सोलांजला फ्रेंचमध्ये विचारलं. दोघींचं भराभर बोलणं झालं. "सोलांज आली त्या दिवशी जेवताना. आम्ही दोघींनी संपवली. ओदेतबाईंची आठवण काढून प्यायलो, खूप रडलो, खूप हसलो." तिनं बूच पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. "पण मेहरुन, रिकामी बाटली भंगारात गेली असणार. ती कोण भरेल? आणि का?"

मेहरुननं इंद्रजीतकडून चहाची गाळणी मागवली आणि तिसऱ्या नंबरची उरलेली बाटली तिच्यातून ओतली. गाळणीत जिऱ्याची थोडी भरड राहिली. आणि तांदळाचा एक दाणा. कच्चा.

सोलांज वाकून बघायला लागली. सुरुचीला अजून काही उमगत नव्हतं.

"अरुंद तोंडाच्या बाटलीत हात जात नाही," मेहरुन म्हणाली. "आम्ही अत्तराच्या कुप्या अशाच धुतो. गरम पाणी, मूठभर तांदूळ, आणि खळखळ हलवायची. आतला वास निघून जातो. फसवणाऱ्याला वास घालवायचं काय पडलंय? त्याला उलट वाईनचा वास हवा असतो. हिंग-जिरं घालून तो आपलं बिंग कशाला फोडेल? ज्यानं ही बाटली भरली त्याला ती वाईन म्हणून कुणाला द्यायचीच नव्हती. त्यानं मनापासून धुतलीय आणि मनापासून भरलीय."

एवढं बोलून तिनं गाळणी खाली ठेवली. तिला ईदला सुरुचीच्या घरी पाठवलेला शीरखुर्म्याचा डबा आठवला. परवाच परत आला होता. आत बेसनाचे लाडू होते. मागच्या वर्षी चिवडा होता, त्याच्या आधी तिळाच्या वड्या. त्या घरातून आजवर एकही डबा रिकामा परत आलेला नव्हता.

आणि मग मेहरुनला वाटलं, हे कळलं नसतं तर बरं. कारण त्या घरात तिला दहावीचं गणित शिकवून पास करणारी माणसं राहत होती. माणसं म्हणजे एकच, सुरुचीची आई यमुनाबाई. मेहरुनच्या तोंडी यमुनाकाकू.

"मी आलेच," म्हणून तिनं स्कूटीची किल्ली उचलली.

५

सुरुचीचं घर जवळच, मयूर कॉलनीत. यमुनाकाकूंनी दार उघडलं तेव्हा पदर खोचलेला, चष्मा डोक्यावर, आणि हॉलमधल्या सोफ्याच्या उशा जमिनीवर.

"बरं झालं आलीस मेहरू. घरात चोरी झालीय!"

"काय गेलं काकू?"

"सोलांजची बाटली. इथं, दाराजवळ, पिशवीत ठेवली होती. सकाळपासून शोधतेय. बाकी काही गेलं नाही बघ, टीव्ही आहे, चांदीचं निरंजन आहे. बाटलीच तेवढी गेली. चोराला काय म्हणावं?"

मेहरुनला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. ती सोफ्यावर बसली. "काय होतं काकू त्यात?"

"सार करायचं कोकमाचं आगळ. नुसतं गरम पाण्यात घातलं की झालं. परवा त्या दोघींनी बाटली संपवली आणि सुरुचीनं ती भंगारात टाकली. मी गुपचूप काढून घेतली, म्हटलं, त्यांच्या घरची वस्तू, ती अशी रिकामी जाईल होय?" काकू समोर बसल्या. "मेहरू, तुला माहीत नाही. पोरगी तिकडे आजारी पडली तेव्हा मी फोनवर नुसती रडत होते. ओदेतबाईंनी सुरुचीकडून विचारून घेतलं, आजारपणात तुमच्याकडे काय देतात? मी म्हटलं, कोकमाचं सार. आता तिथं कोकम कुठलं? तर त्या बाई मळ्यात गेल्या, तोडणीत मागं राहिलेली हिरवी द्राक्षं वेचली, ठेचून रस काढला आणि मीठ घालून गरम करून पाजला. कुठली कोण बाई गं! माझी भाषा नाही, देश नाही. मला त्यांना कधी नीट धन्यवादही म्हणता आलं नाही. त्या गेल्या. म्हटलं, निदान त्यांच्या लेकीबरोबर खरं कोकम तरी जाऊ दे त्या घरात."

मेहरुननं खाली पडलेली एक उशी उचलून सोफ्यावर ठेवली. सांगितलं नाही तर चालण्यासारखं होतं. दत्तप्रसादचा घोळ म्हणून निंबाळकरांना सांगता आलं असतं, काकूंना कधी कळलंही नसतं. पण काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं गणितं तपासलेली बाई ती.

"मेहरू. काय झालंय?"

मेहरुननं सगळं सांगितलं. काकूंचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे माझ्यामुळे त्यांचा मळा..." त्या उठल्या. पदर सोडला, चष्मा नाकावर आणला, चपला घातल्या. "चल."

"काकू, तुम्ही नका येऊ. मी बोलते ना त्यांच्याशी."

"माझ्या हातून झालंय. त्या दत्तप्रसादवर का ढकलायचं? चल म्हणते ना. आणि स्कूटी हळू चालव."

६

निंबाळकरांचं जेवण संपत आलं होतं. समोर दहीभाताची वाटी होती. यमुनाकाकू थेट त्यांच्या टेबलाशी गेल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

"दिग्विजयराव, तुमच्या तोंडाची चव बिघडवली ती मी. माझी मुलगी खरी आहे आणि तिची वाईनही खरी आहे."

निंबाळकर गडबडीनं उठून उभे राहिले. वडीलधारी बाई उभी आणि आपण बसलेलो, हे त्यांना झेपण्यासारखं नव्हतं. "आपण बसा आधी."

काकू बसल्या आणि सगळं बोलल्या. हिरवी द्राक्षं, ताप, फोन, तांदूळ घालून धुतलेली बाटली. दत्तप्रसादनं मधेच कबूल केलं की पिशवीतली बाटली न विचारता उचलली ती त्यानंच. सुरुची सोलांजसाठी वाक्यावाक्याला फ्रेंच करत होती. बोलता बोलता तिनं सोलांजचा हात धरला.

निंबाळकरांनी दहीभाताची वाटी बाजूला सारली. "एक प्रश्न. मग खरी तिसऱ्या नंबरची बाटली कुठाय?"

"खोक्यातच," मेहरुन म्हणाली. "ही आयती उघडलेली मिळाली म्हणून दत्तप्रसादरावांनी सीलबंद बाटलीला हातच लावला नाही. तिथं बघा."

होती. दत्तप्रसादनं स्वतः उघडली आणि यावेळी ओतण्यापूर्वी स्वतः हुंगली. निंबाळकरांनी ग्लास फिरवला, घोट घेतला, तोंडात घोळवला. इंद्रजीत पितळी भांडं घेऊन धावला. निंबाळकरांनी मान हलवली आणि घोट गिळला. मग दुसरा घेतला.

"मॅडम, ही मला या किमतीत मिळणार?" त्यांनी सुरुचीला विचारलं. "मिळणार असेल तर सगळ्या हॉटेलांत ठेवतो. माझ्याकडे माणसं लग्नाच्या वाढदिवसाला येतात आणि कार्डवर आधी उजवीकडचा आकडा बघतात, मग बायकोचा चेहरा. ही त्यांनी न घाबरता मागवावी. यांना विचारा, दर वर्षी एवढा माल देणं जमेल का?"

सुरुचीनं विचारलं.  सोलांज उठली, टेबलाला वळसा घालून यमुनाकाकूंपाशी गेली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं, असू दे," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

"हो म्हणालीय असं धरतो," निंबाळकर म्हणाले.

दत्तप्रसादनं आपला ग्लास भरला, चाखला आणि मेहरुनकडे बघून रडवेल्या आवाजात म्हणाला, "तुम्ही नसता तर आज सगळं बुडालं असतं. आभार मानतो तुमचे, मनापासून मानतो."  मेहरुननं इंद्रजीतकडे चहा मागितला.

सोलांजनं भावाला फोन लावला. तिकडे अजून दुपारच होती. फोन टेबलावर ठेवून ती बोलली. पलीकडे मार्सेलनं जोरात नाक शिंकरलं. ते कळायला कुणाला फ्रेंच लागलं नाही.

"मला बोलू दे जरा," काकू म्हणाल्या.

"आई, त्याला इंग्रजीसुद्धा नीट येत नाही."

"मला तरी कुठं येतंय?" काकू फोनवर वाकल्या आणि ट्रंककॉल लावल्यासारख्या मोठ्यानं, स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "मार्सेल, बाळा, तुझ्या आईनं माझी लेक वाचवली. मला त्यांच्यापर्यंत हे कधी पोचवता आलं नाही, म्हणून तुला सांगते. फार उपकार झाले रे बाळा आमच्यावर. मळा विकू नकोस हं."

सुरुचीनं डोळे पुसत पुसत फ्रेंच केलं. पलीकडून मार्सेल बराच वेळ काहीतरी बोलला.

"तो म्हणतोय, कागद आत्ताच फाडला. आणि आई, तुला विचारतोय, येत्या तोडणीला आमच्याकडे येशील का?"

यमुनाकाकूंनी एकदा सोलांजकडे पाहिलं, एकदा त्या भरलेल्या ग्लासांकडे.

"येते म्हणावं," त्या म्हणाल्या. "पिणार मात्र नाही हं. पण द्राक्षं तोडीन त्यांच्याबरोबर, पाठ दुखेपर्यंत तोडीन."